डाव्या अंगाला कोण?

आमच्या फाटकातून आत आलेला माणूस पाच मिनिटांत एकच प्रश्न विचारतो, "याचा उपयोग काय?" विचारताना बोट बहुधा म्हशीकडे असतं. आमची म्हैस दूध देत नाही, गाभण राहत नाही आणि दिवसभर डबक्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे सरपंचीणबाईंच्या नजरेनं बघत असते. पूर्वी मी या प्रश्नाचं लांबलचक उत्तर द्यायचो. भूतदया, शेणखत, पुढच्या पिढीवर संस्कार वगैरे. हल्ली म्हणतो, "माझा तरी काय उपयोग आहे? मीसुद्धा निवृत्तच आहे." मग माणूस हसतो, चहा पितो आणि जाता जाता म्हशीच्या कपाळावर हात ठेवून जातो.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टरसाहेब एका गावी असताना बाकीच्या गावांत जो सायकलीवर, पुढे मोटारसायकलवर हिंडतो तो. हे मी लोकांना तेहतीस वर्षं सांगत आलो आणि लोक तेहतीस वर्षं "बरं डाक्टर" म्हणत आले. निवृत्त झालो तेव्हा रनाळ्याच्या शिवारातल्या आमच्या वाटणीच्या तीन एकरांत पपई लावायचं ठरलं होतं. पण नोकरीतल्या ओळखी पाठ सोडत नाहीत. एक जण लंगडी गाय घेऊन आला, "दोन दिवस ठेवा" म्हणाला आणि आजतागायत फिरकला नाही. दुसऱ्यानं ते पाहून बैल आणला. पपईची रोपं गायीनं खाल्ली. मग आम्ही शेड बांधली, गव्हाणी बांधल्या आणि काम सुरू झालं. आज लहानमोठी एकवीस डोकी आहेत, कोंबड्या सोडून. कोंबड्या मोजू देत नाहीत.

गिऱ्हाईकं एकेक नग येतात. एका गृहस्थांनी नंदुरबारहून रिक्षात घालून कोंबडा आणला. तो पहाटे तीनला आरवतो, शेजारी भांडतात, म्हणाले. आमच्याकडे तो दुपारी तीनलाही आरवतो. एक कुटुंब म्हैस घेऊन आलं, "फक्त लग्न उरकेपर्यंत, मांडवात घुसते हो." एका शेळीनं तर मी पेन्शनसाठी भरून ठेवलेला हयातीचा दाखला खाल्ला. मी जिवंत असल्याचा पुरावा शेळीच्या पोटात, आणि मी शेळीच्या मागे शेतभर. सुमन, म्हणजे आमची बायको, बांधावर बसून पोट धरून हसत होती. "पळी ऱ्हायनात म्हनजे जित्ता शेतस," ती म्हणाली, "आते दाखला कसाले लागस?"

बाहेरच्या माणसाला वाटतं, आम्ही दिवसभर जनावरांना कुरवाळत बसतो. खरं काम सकाळी उजाडताच सुरू होतं आणि ते बरंचसं शेणाचं असतं. जनावर बोलत नाही असं म्हणतात, ते खोटं आहे. ते बोलतं, फक्त शेणातून बोलतं. शेण पातळ की घट्ट, चकाकतं की कोरडं, त्यात अख्खे दाणे दिसतात का, हे पाहिलं की अर्धी तपासणी झाली. मग नाकाचा शेंडा ओला हवा, कान हलते हवेत. मग डाव्या कुशीत, बरगड्यांच्या मागे जो खळगा असतो तिथे मूठ दाबून उभं राहायचं. आत कोठा फिरतो तेव्हा मूठ आपोआप बाहेर ढकलली जाते. दोन मिनिटांत दोन-तीनदा ढकलली गेली तर पोट चालू आहे. सगळ्यात शेवटी रवंथ. निवांत बसून, डोळे अर्धे मिटून जनावर रवंथ करताना दिसलं की समजायचं, आजचा दिवस बरा जाणार. ते बघताना मला अजूनही, म्हणजे इतकी वर्षं बघूनही, आनंद होतो.

आणखी एक नियम आहे. नवीन जनावर आलं की पंधरा दिवस वेगळं बांधायचं. त्याला काही रोग असेल तर बाकीच्यांना लागू नये म्हणून. हा नियम मी नोकरीत शेकडो गोठ्यांत सांगितला, आणि इथे मी तो देवाच्या दिव्यासारखा पाळतो. कोपऱ्यात आंब्याखाली त्यासाठी वेगळा खुंटा आणि वेगळी गव्हाण आहे.

त्या खुंट्यावर लाल्या आला तेव्हाची ही गोष्ट.

लाल्याला घेऊन सायकीबाई आली होती. डोंगरातल्या मोलगीच्याही पलीकडचं तिचं गाव, जीप थांबते तिथून दोन तास पायी. बैलाबरोबर ती मोलगीपर्यंत चालत आली होती आणि तिथून पुढे पिकअपमध्ये मागे, बैलापाशी उभी राहून. सोबत लेक संगीता. ती मोलगीत अंगणवाडीत काम करते. घरी त्यांची बोली भिली. सायकीबाई आमच्याशी बाजारापुरतं शिकलेलं मराठी बोलायची, मोजून मापून. सगळ्यांना अरे-तुरे, कारण डोंगरात सगळेच एकमेकांना तसं बोलतात आणि त्यात मान कमी होत नाही.

"तू डाक्टर?" तिनं विचारलं.

"हो, म्हणजे..."

"हा लाल्या. म्हातारा झाला. मी पण झाली. पोरगी म्हणते मोलगीला चल. मी चालली. तिच्या खोलीत बैल मावत नाही."

लाल्या डोंगरातला बैल, अंगानं लहान, तांबडा, शिंगं आखूड. दात पाहिले तर झिजून हिरडीला आलेले. एवढ्या वयाचा बैल इतका नीट राखलेला मी क्वचित पाहिला होता. पाठीवर एक गोचीड नाही. मी मनापासून कौतुक केलं. सायकीबाईला त्याचं काही वाटलं नाही. ती बैलाच्या मानेवर हात ठेवून गव्हाणीकडे, शेडकडे आणि माझ्याकडे, तिन्हींकडे सारख्याच संशयानं बघत होती.

"आठ दिवसांनी येते," ती म्हणाली. "खात असला तर ठेव. खात नसला तर घेऊन जाईन. मरायचा असला तर आपल्या डोंगरात मरंल."

आणि मी काय म्हणावं? "बाई, तेहतीस वर्षं हेच केलं. तिसऱ्या दिवशी बघा कसा चरतो ते." पोकळ बढाई नव्हती ती. मला खरंच तसं वाटत होतं.

लाल्यानं पहिल्या दिवशी कडब्याला तोंड लावलं नाही. नवी जागा, म्हटलं. दुसऱ्या दिवशी सुमननं कुट्टी भिजवून त्यात भरडा कालवून ठेवला. त्यानं वास घेतला, मान डावीकडे वळवली आणि तसाच उभा राहिला. ताप नाही. तोंडात जखम नाही. पोटात तार-खिळा गेला असावा म्हणून पाठ दाबून पाहिली, कण्हला नाही. कुशीत मूठ लावली तर कोठा फिरत होता, पण सुस्त. गूळ, ओवा आणि काळं मीठ एकत्र करून बांबूच्या नळीनं पाजलं. तेही त्यानं भिडेखातर पोटात घेतलं. खात्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी सगळं तपासलं, रक्त घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाल्या, "आप्पा, बैलाला काही झालेलं नाही."

बैलाला काही झालेलं नाही आणि बैल खात नाही. या धंद्यात याच्याइतकं वाईट निदान नाही. चौथ्या दिवशी कुशीतला खळगा वाटीएवढा खोल झाला. सुमन सकाळी गव्हाण पाहून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अवो, त्यानी आज बी तोंड लावं नही. ती बाई ईसन लई जाई. एवढ्या लांब, त्या गाडीमा, उपाशी बैल. पोचाव नही तो."

ते मलाही दिसत होतं. उपाशी म्हातारा बैल पिकअपमध्ये चढवून घाट चढायचा म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको होतं. आणि सायकीबाई शब्दाची पक्की होती. ती येणार आणि नेणार.

पाचव्या दिवशी रहीमचाचा आले. चाचा नंदुरबारचे, पिढीजात नालबंद. बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचं काम. आता बैल कमी झाले, ट्रॅक्टरला पत्र्या लागत नाहीत, तेव्हा ते आठवड्यातून एकदा आमच्याकडे येऊन सगळ्यांची खुरं छाटून देतात. गप्पा मारायला मिळतात म्हणून येतो असं म्हणतात, आणि खरोखर हात चालवतात त्याच्या दुप्पट तोंड चालवतात.

मी आंब्याखाली डोकं धरून बसलो होतो. चाचांनी सगळी हकीकत ऐकून घेतली.

"आप्पा, चार दिवस तुम्ही त्यानं पोट देखं. आते माले पाय देखू द्या."

"पायाला काही नाही चाचा. पाहिलेत मी."

"तुम्ही देखात. मी नही ना देखात."

त्यांनी लाल्याचा पुढचा पाय उचलला. लाल्यानं अंगाचा सगळा भार डावीकडे टाकला आणि तोल जाऊन चाचांसकट पडता पडता वाचला. चाचांनी पाय सोडला, धोतराला हात पुसले आणि दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा पाय उचलला. पुन्हा तेच. बैल डावीकडे रेलायचा आणि तिकडे काही नाही असं कळल्यावर दचकून सावरायचा. मग चाचांनी त्याची शिंगं हातात धरून मला बोलावलं. उजवं शिंग खरखरीत. डाव्या शिंगाची बाहेरची बाजू घासून गुळगुळीत झालेली, घरातल्या जुन्या पाटाला येते तशी चमक.

"हाऊ उजवा आंगना बैल शे," चाचा म्हणाले.

आता हे वाचकाला सांगायला हवं. जोडीतला बैल जन्मभर एकाच बाजूनं चालतो. उजवीकडे जुंपलेला उजवीकडेच, डावीकडचा डावीकडेच. बाजू बदलली तर अडतो, गोंधळतो. हे कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं, मलाही होतं. चाचांना त्यापुढचं ठाऊक होतं. पत्र्या मारायला बैल दोरानं आडवा पाडावा लागतो. जोडीदाराच्या बाजूला पाडला तर तो निमूट पडतो, कारण त्या अंगाला आधार आहे असं त्याला वाटतं. उलट बाजूला पाडायला गेलं तर चार माणसांना भारी पडतो. म्हणून चाचांचे वडीलही दोर हातात घेण्याआधी मालकाला विचारायचे, बैल कोणत्या अंगाचा?

"याना डावा आंगले कायम कोणी ना कोणी व्हतं," चाचा म्हणाले. "तुम्ही याले आठे एकला बांधा. डावीकडे काय शे? वारा."

मी म्हटलं, "पंधरा दिवसांचा नियम आहे चाचा."

"नियम तुम्हना शे, आप्पा. भूक त्यानी शे."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला लाल्याआधी दुसराच एक बैल आठवला. फार वर्षांपूर्वी एक म्हातारे बाबा दवाखान्यात आले होते. "साहेब, जोडीवाला गेला तेव्हापासून हा खात नाही," म्हणाले होते. मी ऐकलं, मान हलवली आणि भूक वाढवायची पावडर दिली. त्यांनी निदान करून हातात ठेवलं होतं आणि मी त्याच्यावर पावडर टाकली. असे किती बाबा आले असतील, मला आठवतही नाहीत. याची खंत वाटते, आणि ती कुठल्या पावडरीनं जायची नाही.

डॉक्टरीणबाईंचा अहवाल स्वच्छ होता, तेव्हा नियम मोडायची हिंमत केली. सहाव्या दिवशी चाचा मुद्दाम परत आले आणि आम्ही आमचा सरदार नावाचा बैल आणून लाल्याच्या डावीकडे बांधला. सरदार रनाळ्याचाच, शांत, गुणी. पण हे दोघं शेजारी आले मात्र, सरदार लाल्याच्या मागून वळसा घालून उजवीकडे जायला बघू लागला. लाल्या त्याला डावीकडे ढकलू लागला. दोघांचे दोर एकमेकांत गुरफटले, गव्हाण उलटली, खुंटा हलला.

"सरदार बी उजवा आंगना शे वाटस," चाचा गंभीरपणे म्हणाले.

दोन उजवे. आमच्याकडे चार बैल, त्यांतला एक आंधळा म्हणून सुटा, एक मारका म्हणून भरवशाचा नाही. डावा एकही नाही. लंगडी गाय आणून पाहिली, ती हातभर अंतर राखून खाऊ लागली, पण लाल्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. म्हैस डबक्यातून उठायला तयार नव्हती. मी आणि चाचा घामाघूम होऊन बांधावर बसलो. सुमननं आणलेला चहा प्यायलो. तेवढ्यात मास्तरीण आली.

मास्तरीण ही आमची गाढवीण. वीटभट्टीवरून आलेली, उजवा डोळा गेलेला. रोज दहाच्या सुमारास, गावातल्या शाळेची वेळ झाली की ओरडते, म्हणून हे नाव. ती दिवसभर सुटी असते. उजव्या बाजूचं तिला दिसत नाही, म्हणून ती उजवं अंग नेहमी कशाला तरी टेकवून उभी राहते. बहुतेक वेळा भिंतीला, कधी झाडाला, एकदा तर तहसीलदारसाहेबांच्या गाडीला. आम्ही सरळ करून पुन्हा भरलेल्या लाल्याच्या गव्हाणीत भिजवलेला भरडा आहे एवढं तिच्या नाकानं ओळखलं. ती संथपणे आली, लाल्याच्या डावीकडे शिरली, आपलं आंधळं उजवं अंग त्याच्या कुशीला बिनदिक्कत टेकवलं आणि गव्हाणीत तोंड घातलं.

मी हाकलायला उठलो. चाचांनी माझा हात धरून खाली बसवलं.

लाल्या हलला नाही. त्यानं डावीकडे थोडा भार टाकला. मास्तरीण ढळली नाही, तिला तर टेकायलाच काहीतरी हवं होतं. लाल्यानं आणखी थोडा भार टाकला. मग मान खाली घातली, गव्हाण हुंगली आणि एक घास घेतला. मग दुसरा. सहा दिवस उपाशी बैल खाऊ लागला तेव्हा त्याच्या दाढांचा आवाज आम्हाला बांधावर ऐकू येत होता.

सुमनच्या हातातली कपबशी तशीच राहिली. "आय माय! गधडीसंगे?"

"जमनी जोडी," चाचा म्हणाले आणि खरोखर उठून लाल्याला सलाम ठोकला.

आता माझ्यातला सरकारी नोकर म्हणतो, हे जोडीदाराचं वगैरे काही नसेल, शेजारचा खातोय बघून जनावर हावरेपणानं खातं, पुस्तकात तसं दिलेलं आहे. असेल बुवा. पण मग गाय शेजारी खात होती तेव्हा का खाल्लं नाही, याचं उत्तर पुस्तकात नाही. त्या संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, लाल्या आंब्याखाली बसला. त्याला टेकून मास्तरीण बसली. लाल्याचे कान हलले, डोळे अर्धे मिटले आणि रवंथ सुरू झाला. मी तिथेच मातीत बसून तो पाहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आठव्या दिवशी सायकीबाई आली. लेकीच्या पुढे, तरातरा. पिकअपवाल्याला तिनं फाटकाबाहेर थांबवून ठेवलं होतं, न्यायच्या तयारीनं. आठ दिवसांत ती मला बारीक वाटली. गव्हाणीपाशी आली आणि थबकली. लाल्या कुट्टी खात होता. मास्तरीण त्याच्या कुशीला चिकटून त्याच्याच गव्हाणीतून खात होती.

"खातो?" तिनं विचारलं.

"परवापासून. आता थांबवावं लागतं."

"ही कोण?"

मी सगळं सांगितलं. शिंग, डावं अंग, चाचा, सरदारची मारामारी. संगीतानं मधेमधे भिलीत समजावलं. सायकीबाई बैलावरची नजर न काढता ऐकत होती. शेवटी मी विचारलं, "बाई, याच्या डावीकडचा बैल कधी गेला?"

"तीन पावसाळे झाले."

"मग तीन वर्षं हा खात कसा होता?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढंही कळत नाही तर तू कसला डाक्टर.

"मी बसायची ना," ती म्हणाली. "घरात एकीकडे बैल, एकीकडे आम्ही. डावा मेला, याने खाणं सोडलं. मग मी ताट घेऊन तिथे बसली. त्याच्या जागेवर. मी खाणार, तो खाणार. रोज."

संगीता खाली बघत हळूच म्हणाली, "सर, तिकडे खोलीवर आई जेवतच नाही हो. आठ दिवस झाले. ताट समोर ठेवलं की भिंतीकडे बघत बसते. मला वाटलं तब्येतच बिघडली."

सायकीबाई मास्तरणीजवळ गेली. तिच्या आंधळ्या डोळ्याकडे पाहिलं, कानामागे खाजवलं. मग लाल्याच्या मानेवरून हात फिरवला. लाल्यानं तिचा हात चाटला आणि पुन्हा गव्हाणीत तोंड घातलं. मला क्षणभर भीती वाटली, तिला वाईट वाटेल म्हणून. पण ती हसली, चांगली मोठ्यानं, दात पडलेल्या तोंडानं, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. फाटकाकडे वळून पिकअपवाल्याला हातानंच खूण केली, जा म्हणून.

मग ती मास्तरणीच्या पलीकडे, गव्हाणीच्या कडेला मातीतच मांडी घालून बसली आणि सुमनला म्हणाली, "बाई, भाकर आहे का? भूक लागली."

सुमन आत पळाली. संगीता तिच्यामागे गेली. ताटात भाकरी आली, उडदाची डाळ आली, मिरचीचा ठेचा आला. लाल्या खात होता, मास्तरीण खात होती, सायकीबाई खात होती आणि कोणाचंही कोणाकडे लक्ष नव्हतं. तिसरी भाकरी मोडताना तिनं मान वर केली.

"ठेचा आण अजून," ती म्हणाली. "थोडा दिला."